डील पक्की असेल, पण पैसा कोणाला? विदर्भातल्या शेअर ग्रुपना खुले पत्र

प्रति,
तालुक्या-तालुक्यांत मोबाइलवर शेअरचे ग्रुप चालवणारे ॲडमिन आणि त्यांतले सर्व सभासद
(यवतमाळ, वर्धा, अमरावती, वाशीम आणि शेजारचे जिल्हे)

सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचा चुकारा हाती आला, कापसाचे पहिले दोन वेचे विकले गेले, की तुमच्या ग्रुपवर वर्दळ वाढते. या दिवसांत सर्वांत जास्त फिरणारा मेसेज ठरलेला असतो : "अमुक कंपनी तमुक ग्रुप घेतोय, आतली खबर आहे, सोमवारच्या आत भरून ठेवा." मग दोन दिवस वाद. डील होणार, की नाही होणार? एक म्हणतो पक्की, दुसरा म्हणतो हवा.

आमच्या मते हा वाद दुसऱ्या नंबरचा आहे. आधी विचारायचा प्रश्न असा : डील खरीच झाली, उद्या पेपरात पहिल्या पानावर आली, तर तिचा पैसा कोणाच्या खात्यात जाईल? खबर शंभर टक्के खरी निघूनही छोट्या भागधारकाच्या हाती काहीच पडले नाही, अशी उदाहरणे गेल्या पाच-सहा वर्षांत भरपूर आहेत. ती नावानिशी आणि आकड्यांनिशी मांडावी, म्हणून हे पत्र.

जवळच्यापासून सुरू करू. बुटीबोरीचा ६०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तो विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर या कंपनीचा, आणि ती होती रिलायन्स पॉवरची उपकंपनी. प्रकल्प बंद पडला, कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि जुलै २०२५ मध्ये अदानी पॉवरने ती सुमारे ४,००० कोटी रुपयांना घेतली. म्हणजे "बुटीबोरी अदानीकडे जाणार" ही खबर खरी निघाली. पण हे ४,००० कोटी धनकोंचे. रिलायन्स पॉवरने सप्टेंबर २०२४ मध्येच शेअर बाजाराला कळवले होते की या उपकंपनीसाठी दिलेल्या हमीचा हिशेब मिटवला आहे आणि ती आता आपली उपकंपनी राहिलेली नाही. त्यामुळे "बुटीबोरी विकला की पैसा येईल" या हिशेबाने रिलायन्स पॉवरचा शेअर घेणाऱ्याचा त्या विक्रीशी संबंधच उरला नव्हता. प्रकल्प आपल्या भागात आहे म्हणून कंपनी आपल्याला जास्त कळते, या समजुतीला काही आधार नाही. चिमणी रस्त्यावरून दिसते, धनकोंची यादी दिसत नाही.

आता येस बँक. "जपानी बँक घेणार" हा मेसेज बराच काळ फिरला आणि तोही खरा ठरला. मे २०२५ मध्ये सुमितोमो मित्सुई बँकेने २० टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला : रक्कम १३,४८३ कोटी, भाव शेअरला २१.५० रुपये. शेअर विकले स्टेट बँकेने आणि इतर काही बँकांनी, आपापल्या खात्यातले. नवे शेअर निघाले नाहीत, त्यामुळे येस बँकेच्या तिजोरीत यातला रुपया आला नाही. आणि छोट्या भागधारकाला "तुमचेही याच भावात घेतो" असे कोणी विचारले नाही. पुढे आणखी हिस्सा घ्यायला रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली, ती २४.९९ टक्क्यांपर्यंत. हा ०.०१ नेमका कुठे अडतो ते समजले की निम्म्या खबरा तुम्ही स्वतःच बाजूला टाकाल.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमांप्रमाणे कोणी २५ टक्के किंवा जास्त मताधिकार घेतला, किंवा कंपनीचे नियंत्रण घेतले, तर त्याला बाकीच्या भागधारकांसाठी खुली ऑफर काढावी लागते, म्हणजे त्यांचेही शेअर ठरलेल्या भावात घ्यायची तयारी दाखवावी लागते. २५ च्या खाली आणि नियंत्रण नसेल तर बंधन नाही. म्हणून "हिस्सा घेतोय" एवढी खबर अपुरी आहे. किती टक्के, कोणाकडून, आणि पैसा कंपनीत येतो की विकणाऱ्याच्या खिशात जातो, ही तीन उत्तरे नसतील तर ती खबर म्हणजे नुसता आवाज.

२५ ओलांडले म्हणजे ऑफर आलीच, असेही नाही. व्होडाफोन आयडियाच्या ३६,९५० कोटींच्या थकबाकीचे सरकारने एप्रिल २०२५ मध्ये शेअर करून घेतले, दर १० रुपये. सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर गेला. ऑफर आली नाही, कारण सेबीने सूट दिली. "सरकार निम्म्याचे मालक झाले, आता शेअर शंभर" म्हणणाऱ्यांसाठी एक गुणाकार : त्यानंतर कंपनीचे एकूण शेअर झाले सुमारे १०,८३४ कोटी. भाव १०० धरला तर कंपनीची किंमत होते जवळपास १०.८३ लाख कोटी रुपये. एवढ्या किमतीच्या कंपन्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. स्वस्त शेअर आणि स्वस्त कंपनी या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्याही "दहाचे शंभर" मेसेजखाली हा गुणाकार करून टाकायला अर्धा मिनिट लागतो. एकूण शेअर किती, हा आकडा शेअर बाजाराच्या (बीएसई किंवा एनएसई) वेबसाइटवर शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कोणाकडे किती शेअर याच्या तक्त्यात मिळतो.

बरे, खुली ऑफर खरोखर आली. मग काय होते, ते सावकाश पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

ऑफर किमान २६ टक्के शेअरसाठी असते. तुमचे सगळे शेअर घ्यायला तो बांधील नसतो. भाव ठरतो अनेक आकड्यांपैकी सर्वांत मोठा धरून : करारात प्रवर्तकाला (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकाला) दिलेला भाव, नव्या मालकाने आधीच्या ५२ आठवड्यांत दिलेला सरासरी भाव, २६ आठवड्यांत दिलेला सर्वोच्च भाव, आणि नियमित उलाढाल असलेल्या शेअरसाठी मागच्या ६० व्यवहाराच्या दिवसांची सरासरी. ही सरासरी उलाढालीप्रमाणे काढतात. ग्रुपवर मेसेज आला आणि शेअर चार दिवसांत ४० टक्के चढला, तरी ६० दिवसांची सरासरी पूर्ण ४० टक्के वर जात नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत, अफवेवर कंपनीने वेळेत दुजोरा दिला तर अफवेमुळे झालेली चढ वगळून भाव काढायची सोय आता नियमातच आहे. थोडक्यात, तुम्ही चढवलेला भाव घेणाऱ्याला मोजावा लागू नये, अशीच व्यवस्था आहे.

मनातले उदाहरण घेऊ. कंपनीचे १० कोटी शेअर. प्रवर्तकाकडचे ४५ टक्के नवा मालक ११० रुपयांना घेतो. लोकांकडे ५५ टक्के. ६० दिवसांची सरासरी येते ९६, म्हणजे ऑफरचा भाव ११०. शेअर खबरेआधी ९० ला होता. मेसेज तुमच्यापर्यंत आला तेव्हा १२८. तुम्ही ५०० शेअर घेतले, ६४,००० रुपये गेले. ऑफर जाहीर होते आणि बाजारभाव ११० च्या आसपास येऊन बसतो. सगळ्यांनीच शेअर दिले तर ५५ मधले २६, म्हणजे सुमारे ४७ टक्के स्वीकारले जातात. तुमचे २३६ शेअर ११० ने गेले : २५,९६० रुपये. उरलेले २६४ परत आले. ऑफर संपल्यावर आधार जातो, भाव ९५ धरा : २५,०८० रुपये. बेरीज ५१,०४०. खबर खरी, डील झाली, ऑफर आली, आणि तोटा १२,९६० रुपये. ९० च्या आत घेतलेला माणूस मात्र याच डीलमध्ये कमावून बाहेर पडतो, आणि त्याने १२८ ला विकलेले शेअर तुम्हीच घेतलेले असू शकतात.

शेअर द्यायची रीतही माहीत हवी. कराराच्या दिवशी सार्वजनिक घोषणा होते, पाच कामकाजाच्या दिवसांत सविस्तर निवेदन येते, मग सेबी कागद तपासते आणि शेवटी १० कामकाजाच्या दिवसांची खिडकी उघडते. मधल्या मंजुऱ्या लांबल्या तर महिने जातात, तोवर पैसा अडकलेलाच. शेअर ब्रोकरच्या ॲपवरून द्यायचे. ते तुमच्याच डिमॅट खात्यात राहतात आणि त्यांवर लिन लागतो, म्हणजे ऑफर संपेपर्यंत ते अडवून ठेवले जातात. इथे तीन ठिकाणी गाडी अडते. काही ब्रोकर शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशीच अर्ज बंद करतात. डिमॅटला जोडलेला मोबाइल नंबर बदललेला असला की ओटीपी येत नाही. आणि शेअर एमटीएफवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर घेतले असतील तर ते गहाण असतात. सोडवून घेतल्याशिवाय ऑफरमध्ये देता येत नाहीत. डाकेने पत्र आले नाही म्हणून हक्क जात नाही, हेही लक्षात असू द्या. पत्राची यादी एका ठरावीक तारखेची असते, पण खिडकी उघडी असताना शेअर हातात असलेला कोणीही देऊ शकतो.

दिवाळखोरीतल्या कंपन्यांचा प्रकार याहून कडक. दोन-पाच रुपयांचा शेअर, मागे मोठ्या उद्योगसमूहाचे नाव, आणि "रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी नव्या मालकाकडे सोपवायची योजना) मंजूर झाला की दहापट". जिनिंग बुडाली तर काय होते ते आठवा : बँक येते, मजूर येतात, कापूस घातलेले कास्तकार चुकाऱ्यासाठी येतात, सरकारी देणी उभी राहतात, आणि या सगळ्यांचे भागून काही उरले तर भागीदारांना. शेअर घेणारा माणूस या रांगेत कास्तकाराच्या जागी नसतो, भागीदाराच्या जागी असतो. दिवाळखोरी कायदा २०१६ चे कलम ५३ मालमत्ता विकून आलेला पैसा वाटायचा क्रम सांगते, त्यात सामान्य भागधारक सर्वांत शेवटी आहे.

दिवाण हाउसिंग घ्या. पिरामल समूहाने २०२१ मध्ये सुमारे ३४,२५० कोटींची योजना देऊन ही कंपनी घेतली. जून २०२१ मध्ये कंपन्यांचे खटले पाहणाऱ्या न्यायाधिकरणाची मंजुरी आली, त्याच महिन्यात शेअरचे व्यवहार थांबले, आणि जुन्या भागधारकांच्या वाट्याला शून्य. रिलायन्स कॅपिटल : हिंदुजा समूहाच्या कंपनीची ९,६५० कोटींची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर, जुने शेअर शून्य. दोन्हीकडे "मोठा घेणारा येतोय" ही खबर खरी होती. मोठा घेणारा आला, म्हणूनच जुने शेअर पुसले गेले. नवा मालक धनकोंना पैसे देऊन कंपनी घेतो, तो जुन्या भागीदारांना कशाला सोबत ठेवेल? जेट एअरवेजचे तर याहून लांबले. १७ एप्रिल २०१९ ला विमाने थांबली, २०२१ मध्ये योजना मंजूर झाली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मधली साडेपाच वर्षे "पुन्हा उडणार" या आशेवर शेअरची खरेदी-विक्री चालूच होती.

यावर ग्रुपवर हमखास उत्तर येते : रुची सोयाचे काय? सोयाबीनच्या पट्ट्यात हे उदाहरण पाठच असते. खरे आहे. पतंजलीने २०१९ च्या शेवटी ती घेतली, जानेवारी २०२० मध्ये शेअर १७ रुपयांच्या आसपास पुन्हा सुरू झाला आणि जूनमध्ये १,५०० च्या वर गेला. सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. पहिली, जुन्या भागधारकाचे १०० शेअर घटवून १ केला होता. दुसरी, लोकांकडे मिळून एक टक्क्याहूनही कमी शेअर होते. विकायला मालच नव्हता, म्हणून रोज वरचे सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव चढायची कमाल मर्यादा लागे. त्या चढीचा कंपनीच्या कमाईशी फारसा संबंध नव्हता. मार्च २०२२ मध्ये कंपनीने स्वतः लोकांना शेअर विकले ते ६५० रुपयांनी. १,५०० ला घेणाऱ्याचे पुढे काय झाले, ते त्या मेसेजमध्ये नसते.

एक सवय लावून घ्या. दिवाळखोरीतल्या कंपनीची योजना मंजूर झाली की बाजाराच्या वेबसाइटवर तिची घोषणा येते. त्या पीडीएफमध्ये 'कॅपिटल रिडक्शन', 'कॅन्सल', 'एक्स्टिंग्विश', 'डीलिस्टिंग', 'निल' हे शब्द शोधा. त्यांतला एक जरी 'एक्झिस्टिंग शेअरहोल्डर्स'च्या शेजारी बसलेला दिसला तर पुढे वाचायची गरज नाही.

विलीनीकरणाचे गणित वेगळे, धोकाही वेगळा. तिथे शेअरच्या बदल्यात शेअर मिळतात. आयडीएफसीच्या १०० ला आयडीएफसी फर्स्ट बँकेचे १५५ मिळाले, एचडीएफसीच्या २५ ला एचडीएफसी बँकेचे ४२ मिळाले. गुणोत्तर एकदा जाहीर झाले की छोट्या शेअरची किंमत मोठ्या शेअरला बांधली जाते. "दुप्पट होणार" म्हणणाऱ्याने साधा त्रैराशिक मांडून दाखवावा. आणि मंजुऱ्या म्हणजे शेवट नव्हे. झी आणि सोनीचा करार २०२१ मध्ये जाहीर झाला. भागधारकांनी मत दिले, स्पर्धा आयोगाने (ही सीसीआय वेगळी, आपली कापूसवाली नव्हे) हिरवा कंदील दिला, ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधिकरणाचीही मंजुरी आली. २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला. दुसऱ्या दिवशी झीचा शेअर सुमारे ३० टक्के पडला. कागदोपत्री सगळे पूर्ण असलेल्या डीलचे हे झाले. तुमच्या ग्रुपवरच्या डीलचा तर कागदही नसतो.

आता खबरेच्या कारखान्याकडे वळू. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल व्हिडिओ आले : अदानी समूह ही कंपनी घेणार, अमेरिकेतल्या कंपनीशी मोठा करार झाला, वगैरे. सेबीने मार्च २०२३ मध्ये आदेश काढला, त्यात दिसते की या काळात छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. लोक घेत होते तेव्हा विकत होते प्रवर्तक आणि त्यांच्या जवळचे. या दोन आकड्यांतून एक कामाची खूण मिळते. दर तिमाहीनंतर २१ दिवसांत कंपनीला शेअरहोल्डिंग पॅटर्न द्यावा लागतो. त्यात 'दोन लाखांपर्यंतचे भागधारक' अशी ओळ असते. मागच्या चार तिमाह्यांची ती ओळ एकाखाली एक लिहा. छोटे भागधारक झपाट्याने वाढताहेत आणि प्रवर्तकाचा हिस्सा उतरतो आहे, असे दिसले तर माल कोणाकडून कोणाकडे चालला आहे ते सांगायला ज्योतिषी नको. प्रवर्तकाचे किती शेअर गहाण आहेत, तो रकानाही तिथेच आहे.

"कंपनीने खबर नाकारली नाही, म्हणजे खरी" असाही एक युक्तिवाद चालतो. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, अफवेमुळे भावात मोठी हालचाल झाली तर २४ तासांत दुजोरा, नकार किंवा खुलासा द्यावा लागतो. हा नियम मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत आलेल्या बातमीला आहे, फॉरवर्डला नाही. आणि तुमच्या ग्रुपवरच्या बहुतेक कंपन्या २५० तर सोडाच, हजाराच्या आतही नसतात. त्यांच्या गप्प बसण्याला काहीच अर्थ नाही. शेअर बाजाराने विचारणा केली तर त्या ठरलेले एक वाक्य देतात : जाहीर करण्याजोगी कोणतीही माहिती आम्ही दडवलेली नाही. ग्रुपवर या वाक्याचा अर्थ "काहीतरी शिजतंय" असा लावला जातो. त्याचा अर्थ जेवढा लिहिला आहे तेवढाच.

घोषणा तपासायची रीत सांगतो. बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीचे नाव टाका, कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स उघडा, तारीख आणि वेळ पाहा. एनएसईवर हेच कॉर्पोरेट फाइलिंग्जमध्ये. संचालक मंडळाच्या बैठकीतला निर्णय, बैठक बाजाराच्या वेळेत संपली असेल तर, ३० मिनिटांत कळवावा लागतो. ग्रुपवर आलेली पीडीएफ कधीही तिथल्या तिथे उघडून मान्य करू नका. तीच वेबसाइटवर सापडली पाहिजे. लेटरहेड आणि शिक्का आता कोणालाही तयार करता येतो.

सापडली तर शब्द नीट वाचा. सामंजस्य करार आणि 'नॉन-बाइंडिंग' असेल तर दोन्ही बाजू उद्या मोकळ्या. 'इव्हॅल्युएटिंग', 'एक्सप्लोरिंग' म्हणजे अजून काहीच ठरलेले नाही. 'डेफिनिटिव्ह ॲग्रीमेंट' आले तर खाली अटी किती आहेत ते बघा. वॉरंटच्या, म्हणजे ठरलेल्या भावात पुढे शेअर घ्यायच्या हक्काच्या बातमीला आपल्याकडे विशेष मान आहे : "बड्या गुंतवणूकदाराने ८० रुपयांनी २०० कोटींचे वॉरंट घेतले." त्याने सुरुवातीला भरले २५ टक्के, म्हणजे ५० कोटी. उरलेले भरायला १८ महिने आहेत. भाव ८० च्या खाली राहिला तर तो ५० कोटी सोडून निघून जाऊ शकतो. तुम्ही मात्र पूर्ण १०० टक्के भरून बसलेले. बल्क डीलचेही तसेच. अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरची उलाढाल झाली की नाव जाहीर होते, पण विकणाऱ्याची उलाढालही तेवढी असेल तर त्याच यादीत त्याचेही नाव असते आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही. घेणाराही पुढच्या आठवड्यात विकून मोकळा झालेला दिसू शकतो, यादी रोज बघितली तर.

छोट्या शेअरमध्ये बाहेर पडणे हीच खरी अडचण. पाच टक्क्यांचे खालचे सर्किट लागले की विकणाऱ्यांची रांग लागते, घेणारा नसतो. आधी आलेल्याची ऑर्डर आधी, हा नियम. सलग दहा दिवस सर्किट लागले तर ४० रुपयांचा शेअर २४ च्या आसपास येतो आणि त्या दहा दिवसांत तुमचा एकही शेअर विकला गेलेला नसतो. स्टॉपलॉस (भाव ठरावीक खाली आला की विकायची ऑर्डर) लावला होता म्हणून उपयोग नाही, घेणाराच नाही तर तो कोणाला विकणार? ट्रेड टू ट्रेड गटातला शेअर असेल तर सकाळी घेऊन दुपारी विकताही येत नाही. कंपनी एएसएम, जीएसएम किंवा ईएसएम यादीत (बाजाराने जादा देखरेखीखाली ठेवलेल्या शेअरच्या याद्या) आहे का, हे ब्रोकरच्या ॲपवर शेअरच्या नावाजवळ दिसते. त्या खुणेवर बोट दाबून वाचा.

यात पीककर्जाचा पैसा घालणाऱ्यांचे गणित तर आधीच बुडालेले असते. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला मुदतीत फेडले तरच बिनव्याजी लाभ मिळतो. शेअर सर्किटमध्ये अडकला, मुदत गेली, की सवलत गेली आणि पुढच्या हंगामाचे कर्जही लांबले. ऑप्शनबद्दल एवढेच : सेबीच्या पाहणीत २०२४-२५ मध्ये फ्युचर्स-ऑप्शनच्या बाजारातल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात होते. डीलची तारीख ठरलेली नसते, ऑप्शनची मुदत मात्र ठरलेली असते.

ॲडमिन मंडळींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. "आतली खबर" खरी असेल तर ती पुढे पाठवणे आणि तिच्यावर व्यवहार करणे हा इनसायडर ट्रेडिंगचा गुन्हा आहे. किमान दंड १० लाख रुपये, आणि वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. खोटी असेल तर तुम्ही फसवणुकीच्या साखळीतली एक कडी आहात. "मला आली तशी पाठवली" हे दोन्हींत उत्तर होत नाही. पैसे घेऊन टिप देत असाल तर सेबीची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच अक्षरांनी आणि सल्लागाराचा आयएनए अक्षरांनी सुरू होतो, आणि तो सेबीच्या वेबसाइटवर नावासकट जुळला पाहिजे. 'फक्त शिकवण्यासाठी' अशी ओळ खाली टाकून सुटका होत नाही. शिकवणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअर सुचवू नयेत, असे सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून तुमच्याकडे मागणी एकच, आणि ती आजपासून लागू करता येईल अशी आहे. डीलचा कोणताही मेसेज ग्रुपवर ठेवायचा तर त्याखाली बाजाराच्या वेबसाइटवरच्या घोषणेची लिंक हवी, किती टक्के हिस्सा आणि कोणाकडून हे लिहिलेले हवे, आणि पाठवणाऱ्याकडे तो शेअर आहे का, कोणत्या भावाचा, हे त्याने सांगायला हवे. या तीनपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर मेसेज डिलीट. तिसऱ्या अटीवरच सर्वांत जास्त कुरबुर होईल, आणि कुरबुर करणाऱ्यांची नावे लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे.

सभासदांनी डिलीट होण्याआधी मेसेजचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फसवणूक वाटली तर सोबत ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट (व्यवहाराची पावती) जोडून सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका. ब्रोकर किंवा कंपनीविरुद्धच्या तक्रारीला तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. सेबीची मदतवाहिनी १८०० २२ ७५७५. कोणी बनावट ट्रेडिंग ॲप उतरवून घ्यायला लावले आणि पैसे वळते झाले, तर आधी १९३० ला फोन, त्यात तास घालवू नका. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत येण्याची शक्यता राहते. ब्रोकरला यूपीआयने पैसे भरताना पत्त्यात '@' च्या लगेच पुढे 'व्हॅलिड' (valid) हा शब्द आहे का, ते पाहा. नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून आली आहे, आणि कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले जात असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

आपले,
यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतले काही कर सल्लागार, सब-ब्रोकर आणि वाणिज्य शिक्षक